अल्गोरिदमची तालीम आणि विद्यापीठांचे कर्तव्य

सप्टेंबर २०२५ मध्ये अझरबैजानची राजधानी बाकू येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या जागतिक प्रोग्रॅमिंग स्पर्धेची अंतिम फेरी झाली. जगभरातील १३९ विद्यापीठांचे संघ तीत उतरले होते. सेंट पीटर्सबर्ग राज्य विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी १२ पैकी ११ प्रश्न सोडवून विजेतेपद मिळविले. एरवी हा पराक्रम महिनाभर कौतुकाचा विषय झाला असता. पण त्या वेळी चर्चा झाली ती निराळ्याच स्पर्धकांची. ओपनएआय कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेला स्पर्धेबाहेर, परंतु त्याच पाच तासांच्या मुदतीत, तेच प्रश्न घालण्यात आले आणि तिने बाराच्या बारा सोडविले. गूगलच्या जेमिनाय यंत्रणेने दहा सोडविले. त्यांत एकाही विद्यापीठाच्या संघाला न सुटलेला एक प्रश्न होता.

या घटनेनंतर एक प्रश्न अपरिहार्यपणे पुढे येतो. जे काम यंत्र विजेत्यांहूनही सरस करते, ते विद्यापीठाने श्रेयांक देऊन विद्यार्थ्यांना का शिकवावे? आपल्याकडे हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी अभ्यासक्रमाबाहेरचा आपला बराचसा वेळ आज याच विद्येच्या मागे घालवीत आहेत; कारण नोकरीच्या मुलाखतीत तिचीच परीक्षा होते. विद्यापीठे मात्र या घडामोडीकडे प्रेक्षकासारखी पाहत आहेत. आमच्या मते हा विषय विद्यापीठांनी आता आपल्याकडे घ्यावयास हवा, आणि तो आज खासगी शिकवण्यांत ज्या रीतीने शिकविला जातो त्याहून अगदी वेगळ्या रीतीने शिकवावयास हवा. बाकूच्या निकालाने या म्हणण्याला बाधा येत नाही, उलट बळकटीच येते.

प्रथम या स्पर्धेचे स्वरूप पाहू. १९७० मध्ये अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात तिचा आरंभ झाला. १९७७ पासून तिची अंतिम फेरी होऊ लागली. नियम साधे आहेत. एका संघात तीन विद्यार्थी, तिघांत मिळून एकच संगणक, पाच तासांचा अवधी आणि दहा-बारा प्रश्न. प्रत्येक प्रश्नासाठी अशी आज्ञावली लिहावयाची, की जी परीक्षकांनी गुप्त ठेवलेल्या सर्व उदाहरणांची उत्तरे नेमून दिलेल्या वेळात अचूक देईल. एक उदाहरण चुकले तरी उत्तर नामंजूर. नंतर तो प्रश्न सुटला, तरी त्याआधीच्या प्रत्येक नामंजूर उत्तरापोटी वीस मिनिटांचा दंड. निवाडा यंत्र करते. त्याच्यापुढे महाविद्यालयाचे नाव चालत नाही, वशिला चालत नाही, सुंदर हस्ताक्षर आणि पानेच्या पाने मजकूर यांचाही उपयोग नाही. आपल्या परीक्षापद्धतीत वाढलेल्या विद्यार्थ्याला हा अनुभव कठोर वाटतो, पण त्यात एक प्रकारची स्वच्छताही आहे.

या प्रश्नांच्या मुळाशी असते ती रीत, म्हणजेच अल्गोरिदम. नवव्या शतकात बगदाद येथे होऊन गेलेल्या अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून हा शब्द आला. दिलेल्या माहितीवरून हव्या त्या उत्तरापर्यंत निश्चित पायऱ्यांनी नेणारी कृती, एवढाच त्याचा अर्थ. ही कृती चांगली की वाईट हे कसे ठरते, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. लासलगावच्या बाजारातील कांद्याचे रोजचे भाव ओळीने लिहिले आहेत अशी कल्पना करा. एका दिवशी माल घ्यावयाचा आणि पुढे केव्हातरी एकदा विकावयाचा, तर जास्तीत जास्त नफा किती झाला असता? सरळ मार्ग असा की, प्रत्येक दिवसाची त्यापुढील प्रत्येक दिवसाशी जोडी लावून फरक काढावा. यादी शंभर दिवसांची असेल तर काही बिघडत नाही. पण तिच्यात एक लाख आकडे असतील, तर अशा जोड्या सुमारे ५०० कोटी होतात. सेकंदाला दहा कोटी क्रिया करणारा संगणकही त्यासाठी पन्नास सेकंद घेईल. स्पर्धेत सामान्यतः एक-दोन सेकंदांचीच मुभा असते. विचार करणाऱ्याला मात्र दुसरा मार्ग दिसतो. यादी एकदाच वाचत जावे, आतापर्यंतचा सर्वांत कमी भाव ध्यानात ठेवावा आणि आजचा भाव त्याहून किती अधिक आहे तेवढेच पाहावे. एक लाख पायऱ्यांत काम उरकते, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका वेळ लागतो. संगणक तोच, माहितीही तीच. फरक पडला तो विचाराने. अधिक महागडे यंत्र घेणे हा दुबळ्या विचारावरचा उपाय नव्हे, ही गोष्ट ज्याला विद्यार्थीदशेत पटली, तो पुढे कोणत्याही व्यवसायात गेला तरी ती विसरत नाही.

परदेशांतील काही विद्यापीठांनी हे ओळखून या विद्येला अभ्यासक्रमात स्थान दिले आहे. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात स्पर्धात्मक प्रोग्रॅमिंग हा स्वतंत्र विषय आहे. तेथील अध्यापक स्टीव्हन हलिम आणि त्यांचे बंधू फेलिक्स यांचे या विषयावरील पुस्तक प्रथम २०१० मध्ये निघाले आणि ते जगभर वापरले गेले. स्टॅनफर्डमध्ये अशा स्पर्धांची ओळख करून देणारा वर्ग विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने चालविण्यात आला. फिनलंडमधील अंट्टी लाक्सोनेन यांनी या विषयाचे एक उत्तम हस्तपुस्तक सर्वांना विनामूल्य खुले केले. परंतु आपल्याला अधिक विचार करावयास लावणारे उदाहरण रशियातील साराटोव्हचे आहे. व्होल्गा नदीकाठचे हे प्रांतिक शहर. मॉस्को वा सेंट पीटर्सबर्गचे वैभव तेथे नाही. तरी तेथील राज्य विद्यापीठाचा संघ २००६ मध्ये जगज्जेता ठरला. त्याच विद्यापीठातील माइक मिरझायानोव्ह यांनी २०१० मध्ये कोडफोर्सेस हे स्पर्धांचे व्यासपीठ उभे केले, आणि आज जगातील लक्षावधी विद्यार्थी तेथे सराव करतात. राजधानीपासून दूर असलेल्या विद्यापीठालाही, अध्यापकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे नेटाने काम केले तर, एका विषयात अग्रस्थान मिळविता येते असा याचा अर्थ. नांदेड, जळगाव, कोल्हापूर, अमरावती येथील विद्यापीठांनी यापासून बोध घ्यावयास हरकत नसावी.

आपल्या देशात या क्षेत्रात काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शालेय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय संगणन ऑलिंपियाडमध्ये भारत २००२ पासून भाग घेत आहे. त्यासाठीच्या निवडीची पहिली पायरी आपल्याकडे संगणकाविना, कागद-पेन्सिलीने घेतली जात आली आहे. ज्या शाळेत संगणकच नाही तेथील हुशार मुलगाही मागे राहू नये, अशी ही सूज्ञ योजना आहे. २००९ मध्ये मुंबईच्या डायरेक्टी कंपनीने कोडशेफ हा उपक्रम सुरू केला आणि भारतीय विद्यार्थ्यांना घरबसल्या स्पर्धा करता येऊ लागल्या. गांधीनगरच्या आयआयटीने तयार केलेला या विषयाचा प्राथमिक अभ्यासक्रम एनपीटीईएलवर उपलब्ध झाला. एवढे होऊनही एकाही भारतीय संस्थेला महाविद्यालयीन स्पर्धेचे जागतिक विजेतेपद आजवर लाभलेले नाही. याची खंत वाटणे स्वाभाविक आहे. तथापि खरी उणीव पदकांची नसून पायाची आहे.

हा पाया कसा घातला जातो, ते आपल्या महाविद्यालयांत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अनेक ठिकाणी प्रात्यक्षिकाचा अर्थ जर्नल पुरे करणे एवढाच उरला आहे. ठरलेल्या दहा-बारा आज्ञावल्या वर्षानुवर्षे त्याच असतात; वरच्या वर्गातील विद्यार्थ्याचे जर्नल खालच्या वर्गात फिरते; सबमिशनच्या आठवड्यात त्यावर सह्या होतात. लेखी परीक्षेत आज्ञावली कागदावर उतरवावयाची आणि ती चालते की नाही हे तपासणाऱ्याने नजरेनेच ठरवावयाचे. अशा व्यवस्थेत चार वर्षे काढूनही, आपण लिहिलेली एकही आज्ञावली कधी अनोळखी उदाहरणांच्या कसोटीला लागलेली नाही, असा पदवीधर निर्माण होऊ शकतो. मग नोकरीची मुलाखत जवळ आली की धावपळ सुरू होते. ठराविक शे-दोनशे प्रश्नांच्या याद्या हातोहात फिरतात, शुल्क घेऊन त्या पाठ करून घेणारे वर्ग निघतात, आणि विचारशक्ती अजमावण्यासाठी निघालेले प्रश्न घोकंपट्टीचे साहित्य होऊन बसतात. दहावी-बारावीच्या अपेक्षित प्रश्नसंचांचीच ही पुढची आवृत्ती. ज्यांच्या पालकांना हे शुल्क झेपते आणि ज्यांच्या घरी संगणक आहे, ते पुढे जातात. सार्वजनिक विद्यापीठाने हात झटकले की विद्या बाजारात जाते आणि बाजार तिची किंमत लावतो, हे आपण शिक्षणाच्या इतर क्षेत्रांत पाहिलेच आहे.

या विषयाला विद्यापीठात स्थान देण्याविरुद्ध काही जाणकार अध्यापकांचे आक्षेप आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. स्पर्धेतील आज्ञावली पाच तासांसाठी लिहिली जाते आणि नंतर कोणी तिच्याकडे पाहत नाही. व्यवहारातील आज्ञावली वीस-वीस वर्षे वापरात राहते, ती दहाजणांनी मिळून लिहिलेली असते आणि दुसऱ्याला समजेल अशी ती असावी लागते. घाईने लिहिण्याची सवय तेथे घातक ठरते. शिवाय यंत्राने उत्तर मंजूर केले म्हणजे ते बरोबर आहे, अशी विद्यार्थ्याची समजूत होऊ लागते. या दुसऱ्या आक्षेपात मोठे तथ्य आहे. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधले पान उघडतो, शब्द अलीकडे असेल की पलीकडे ते ठरवतो आणि उरलेल्या अर्ध्यातच पुन्हा मध्य गाठतो. संगणकातील ही रीत विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवितात. जावा या भाषेच्या अधिकृत संग्रहात ही रीत होती आणि जगभर ती वापरली जात होती. २००६ मध्ये तिचे लेखक जोशुआ ब्लॉक यांनी स्वतःच जाहीर केले की, तीत सुमारे नऊ वर्षे एक दोष दडून होता. मध्य काढण्यासाठी दोन टोकांची बेरीज करावी लागे. यादी फारच मोठी असली तर ही बेरीज सुमारे २१४ कोटींची मर्यादा ओलांडी आणि यंत्र तिला ऋण संख्या समजे. विशेष म्हणजे ज्या नामांकित पुस्तकातून ही रीत घेतली होती, त्यात ती बरोबर असल्याची सिद्धताही दिलेली होती. गणितातील संख्येला अंत नाही, यंत्रातील संख्येला आहे, एवढेच त्या सिद्धतेने लक्षात घेतले नव्हते. चाचण्यांत उत्तीर्ण झालेली आणि कागदावर सिद्ध झालेली गोष्टही पुन्हा तपासावी लागते, हा धडा यातून मिळतो.

या धड्याच्या प्रकाशात बाकूच्या निकालाकडे पाहावे. ओपनएआयच्या यंत्रणेने बारापैकी अकरा प्रश्न पहिल्याच प्रयत्नात सोडविले. सर्वांत अवघड प्रश्न मात्र तिला नवव्या प्रयत्नात सुटला. आधीची आठ उत्तरे चुकीची आहेत हे ठरविण्यासाठी तेथे परीक्षक होता, त्याच्यापाशी गुप्त उदाहरणे होती, आणि ती तयार करणारी माणसे प्रश्नाच्या खोलात शिरलेली होती. प्रत्यक्ष जीवनात असा परीक्षक नसतो. बँकेच्या, रुग्णालयाच्या वा शासकीय खात्याच्या कामासाठी यंत्राने आज्ञावली लिहून दिली, तर ती पहिल्या उत्तरासारखी बरोबर आहे की त्या आठांपैकी एक आहे, हे कोणी ठरवावयाचे? आज्ञावली लिहिणे जसजसे स्वस्त होईल, तसतसे तिची पारख करणारा माणूस दुर्मिळ आणि मोलाचा होईल. अशी पारख जन्मजात नसते. ज्याने स्वतः शेकडो रीती रचल्या, त्यांतील बऱ्याच चुकलेल्या पाहिल्या आणि कोठे चुकले याचा रात्री बसून शोध घेतला, त्याच्याच ठायी ती येते. तालमीत घाम गाळणारा मल्ल काही ओझी उचलण्याच्या यंत्राशी बरोबरी करण्यासाठी जोर-बैठका काढीत नसतो.

ही पारख केवळ संगणक-व्यवसायाच्या कामाची आहे असेही नाही. सामान्य नागरिकाचे जीवन आज किती ठिकाणी अल्गोरिदमच्या हाती आहे, याचे एक उदाहरण पुरे आहे. आयआयटी आणि एनआयटी या संस्थांचे प्रवेश पूर्वी वेगवेगळे होत. विद्यार्थी एकीकडे जागा घेई, नंतर दुसरीकडे जाई, आणि पहिली जागा रिकामी राही. २०१५ पासून हे जागावाटप एकत्र होऊ लागले. त्यामागील रीतीचे मूळ डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये लिहिलेल्या एका छोट्या निबंधात आहे. शॅप्ली यांना पुढे २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या रीतीचा गुण असा की, विद्यार्थ्याने आपली खरी आवड खऱ्या क्रमाने लिहावी. डावपेच करून त्याचा काहीही लाभ होत नाही, हे गणिताने सिद्ध करता येते. याउलट, वरवर तितकीच न्याय्य दिसणारी दुसरी एखादी रीत अशी असू शकते की, पहिला पसंतिक्रम चुकला की दुसराही हातचा जावा आणि प्रामाणिक विद्यार्थ्याचेच नुकसान व्हावे. पसंतिक्रमाचे पत्रक भरताना रात्र रात्र जागणाऱ्या पालकांना या दोहोंतील फरक कोण समजावून सांगणार? आणि उद्या एखाद्या खात्याने सदोष रीत अवलंबिली, तर ती सदोष आहे हे पुराव्यानिशी दाखविणारे पदवीधर आपल्याकडे असणार आहेत की नाहीत? न्यायाचा प्रश्न जेव्हा रीतीच्या आत दडलेला असतो, तेव्हा रीत वाचता येणे ही नागरिकत्वाची गरज होते.

या संदर्भात आपल्याच भूमीतील एका घटनेचे स्मरण उचित ठरेल. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात, आपल्या बीजगणितात, चक्रवाल ही रीत विवरून सांगितली. ज्या संख्येच्या वर्गाला एकसष्टाने गुणून एक मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्गच येतो अशी संख्या कोणती, हा प्रश्न त्यांनी तीमधून सोडविला. ० सोडा, अशी सर्वांत लहान संख्या २२ कोटी ६१ लाख ५३ हजार ९८० आहे. एकेक संख्या तपासत जाणाऱ्याला हाताने ती कधीच सापडली नसती. युरोपात फर्मा याने हाच प्रश्न १६५७ मध्ये आव्हान म्हणून मांडला. परंतु अभिमानाने हे सांगताना आपण पुढचा भाग विसरतो. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केला आणि स्थानिक सत्ताधीशांनी त्याला उत्पन्न लावून दिले, असे चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ मधील शिलालेख सांगतो. तो शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. विद्या टिकावयाची तर एका प्रतिभावंतावर भिस्त ठेवून चालत नाही. तिला शिकविण्याची व्यवस्था लागते आणि तिच्या खर्चाची तरतूद लागते, हे आठशे वर्षांपूर्वी खानदेशातील एका गावाला कळले होते.

आज अशी व्यवस्था करावयाची तर ती कशी असावी? विषय ऐच्छिक, पण श्रेयांकांचा असावा आणि तो केवळ संगणक शाखेपुरता न ठेवता गणित, वाणिज्य व इतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही खुला असावा. आठवड्याला एक छोटी स्पर्धा जरूर व्हावी, कारण कसोटीशिवाय सराव होत नाही. मात्र गुण क्रमांकावरून देऊ नयेत. निम्मे गुण यंत्राने मंजूर केलेल्या उत्तरांना असावेत आणि निम्मे, आपली रीत बरोबर का आहे व ती किती पायऱ्या घेते याच्या लेखी विवरणाला आणि तोंडी परीक्षेला. उत्तर कोठूनही आणता येईल, पण समोर बसून त्याचे समर्थन उसने आणता येत नाही. चुकलेल्या उत्तराचे विश्लेषण करणाऱ्यालाही गुण मिळावेत. चूक लपविण्याची सवय जर्नलच्या पद्धतीने लावली, ती अशानेच मोडेल. प्रयोगशाळा सायंकाळीही उघड्या राहाव्यात, म्हणजे घरी वा वसतिगृहात संगणक नसलेल्या विद्यार्थ्याची कुचंबणा होणार नाही. अध्यापकांना या कामाचा तासिकांत हिशेब मिळावा. आज उत्साही अध्यापक हे काम पदरचा वेळ घालून करतात आणि थकल्यावर ते बंद पडते.

भाषेचाही विचार व्हावा. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये प्रश्न प्रत्येक देशाच्या मुलांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत वाचावयास मिळतात. २०२१ पासून आपल्याकडे अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीतून देण्यास अनुमती आहे. असे असता प्रश्नाचे इंग्रजी वाक्य उलगडण्यातच ग्रामीण विद्यार्थ्याचा निम्मा वेळ जावा, हे योग्य नव्हे. पहिल्या वर्षासाठी तरी मराठीतून शंभर-दोनशे चांगले प्रश्न तयार करणे विद्यापीठांच्या आवाक्याबाहेरचे नाही. कांद्याचे भाव, एसटीचे वेळापत्रक, धरणातील पाण्याचे आवर्तन, ऊसतोडणीच्या पाळ्या यांत उत्तम प्रश्नांची खाण आहे.

यासाठी लागणारा खर्च नव्या इमारतींच्या तुलनेत नगण्य आहे. लागते ती एक मनोवृत्ती. आपला निकाल आपण स्वतः तपासावा, दुसऱ्याने तो खोडून काढला तर राग न मानता चूक शोधावी, आणि कारण सांगता येईपर्यंत उत्तरावर विश्वास ठेवू नये, ही ती वृत्ती. यंत्रे झपाट्याने उत्तरे देऊ लागली आहेत. ती उत्तरे स्वीकारणारा समाज घडवावयाचा की ती तपासणारा, हे ठरविण्याचा अधिकार अजून विद्यापीठांच्या हाती आहे. येत्या शैक्षणिक वर्षाच्या अभ्यासक्रमांवर चर्चा करताना अभ्यासमंडळांनी तो वापरावा.